तापातली आकडी : जालना जिल्ह्यातील चार दशके

सहा महिने ते पाच वर्षे या वयात शंभरांतील दोन ते पाच मुलांना तापात आकडी येते. डोळे पांढरे होतात, दातखिळी बसते, हातपाय ताठ होऊन झटके देऊ लागतात, तोंडाला फेस येतो. बहुतेक वेळा हे सारे दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते आणि मूल गाढ झोपी जाते. पाहणाऱ्या आईला मात्र मूल हातचे गेले असेच वाटते. १ मे १९८१ रोजी औरंगाबाद आणि परभणी जिल्ह्यांतून जालना जिल्हा वेगळा झाला, तेव्हापासून आजवर या आकडीचे स्वरूप तसूभरही बदललेले नाही. बदलले ते तिच्यावरचे उपाय, आणि त्यांत भर पडली त्याहून जास्त उपाय सोडून द्यावे लागले.

मराठवाड्याच्या खेड्यांत लहान मुलाच्या आकडीचा संबंध सटवाईशी किंवा बाहेरच्या बाधेशी जोडला जाई. ही समजूत फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रातही मुलांना पछाडणारे नऊ बालग्रह सांगितले आहेत. दृष्ट काढणे, अंगारा लावणे यांनी अपाय होत नसे. पण दातखिळी उघडण्यासाठी तोंडात चमचा घालणे, शुद्धीवर आणायला पाणी पाजणे, कांदा किंवा चप्पल हुंगवणे, पोटावर बिब्ब्याचा चटका देणे यांनी दात तुटत, पाणी श्वासनळीत जाई, कोवळी कातडी भाजे. आकडी मुळात आपोआप थांबणारी, त्यामुळे ती थांबण्याआधी जे काही केले त्यालाच गुण आल्याचे श्रेय मिळे. हे उपाय पिढ्यान्‌पिढ्या टिकले ते यामुळेच. त्याला केवळ अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे आहे. कापराची गोष्ट वेगळी. छातीला चोळायच्या कापराच्या तेलाचे थोडेसे थेंबही लहान मुलाच्या पोटात गेले, तर कापूर स्वतःच आकडी आणतो.

डॉक्टरांच्या बाजूलाही सोडून देण्यासारखे बरेच होते. जिल्हा नवा होता तेव्हा गंभीर मुलाला साठेक किलोमीटरवरच्या औरंगाबादला, १९५६ मध्ये सुरू झालेल्या ‘घाटी’ या सरकारी रुग्णालयात न्यावे लागे. तापात एकदा आकडी आली की पुढची दोन-तीन वर्षे रोज फिनोबार्बिटोन देण्याची रीत तेव्हा सर्रास होती. आज तापात आकडी आली, उद्या फेफरे जडेल, बुद्धी मंदावेल, ही भीती त्यामागे होती. अमेरिकेत नेल्सन आणि एलेनबर्ग यांनी १९७६ आणि १९७८ मध्ये हजारो मुलांचा जन्मापासूनचा पाठपुरावा मांडला आणि ही भीती अवास्तव असल्याचे दाखवले: साध्या आकडीनंतर बहुसंख्य मुलांना पुढे फेफरे होत नाही, बुद्धीवरही परिणाम होत नाही. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तर रोज फिनोबार्बिटोन घेणाऱ्या मुलांचा बुद्ध्यंक दोन वर्षांनी सरासरी ८.४ गुणांनी कमी भरला आणि आकड्याही कमी झाल्या नाहीत. ज्या बुद्धीच्या काळजीपोटी औषध दिले जात होते, तिलाच ते बाधत होते.

ताप उतरवण्याच्या उपायांचेही तसेच झाले. ॲस्पिरिनचा संबंध यकृत आणि मेंदूवर घाला घालणाऱ्या रे सिंड्रोमशी जोडला गेला आणि ते मुलांच्या तापातून बाद झाले. निमेसुलाइड भारतात बारा वर्षांखालील मुलांसाठी २०११ मध्ये बंद झाले. बर्फाच्या किंवा गार पाण्याच्या पट्ट्याही मागे पडल्या, कारण त्यांनी मुलाला हुडहुडी भरते. उरले पॅरासिटामॉल: एका वेळी वजनाच्या किलोमागे १५ मिलिग्रॅम, चार ते सहा तासांच्या अंतराने, दिवसातून जास्तीत जास्त चार वेळा. घोटाळा होतो तो बाटलीत. दहा किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम लागते. ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम असलेल्या सिरपचे ते ६ मिलिलिटर होतात, २५० च्या सिरपचे ३, आणि एका मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम असलेल्या ड्रॉप्सचे फक्त दीड. ‘एक चमचा द्या’ हा सल्ला म्हणूनच धोक्याचा. बाटलीवरचा आकडा वाचल्याशिवाय मात्रा ठरत नाही. शिवाय पॅरासिटामॉलने मुलाला बरे वाटते, पण त्याने आकडी टळत नाही. ताप चढू दिला म्हणून आकडी आली, असा दोष आईला देण्यात काही अर्थ नाही.

खरी सावधगिरी हवी ती आकडीसारख्याच दिसणाऱ्या घातक आजारांबाबत. पावसाळ्यातल्या तापात मलेरिया डोक्यात ठेवावाच लागे. भेटीची तारीख भिंतीवर लिहून जाणारा मलेरिया कर्मचारी खेड्यापाड्यांत ओळखीचा होता. नागपूरजवळच्या चांदीपुरा गावाचे नाव मिळालेला विषाणू १९६५ मध्ये सापडला. २००३ मध्ये त्याने आंध्र प्रदेशात ३२९ मुलांना गाठले, त्यांतील १८३ दगावली. विदर्भातही त्याची साथ होती. ताप, झटके आणि काही तासांत बेशुद्धी, असा त्याचा क्रम. म्हणून आकडीनंतर मूल नीट जागे होत नसेल, मान ताठ असेल, टाळू फुगली असेल, वय सहा महिन्यांहून कमी असेल, आकडी पंधरा मिनिटांवर चालली, एकाच बाजूला आली किंवा चोवीस तासांत पुन्हा आली, तर मेंदूज्वराची शंका घेऊन तपासणी होते. पाठीतले पाणी काढल्याने मूल पांगळे होते, या भीतीने पालक नकार देतात आणि मोलाचे तास जातात. ही भीती निराधार आहे. मेंदूज्वर आणणाऱ्या दोन जिवाणूंविरुद्धच्या लसी, हिब आणि न्यूमोकोकल, आता सरकारी लसीकरणात आहेत. त्यांचे मोल मोठे आहे.

घरी करायचे ते आता थोडके उरले आहे. मूल कुशीवर वळवायचे, आजूबाजूच्या टणक वस्तू दूर करायच्या, तोंडात काही घालायचे नाही आणि घड्याळ पाहायचे. पाच मिनिटे उलटली तर नाकात मिडाझोलामचा फवारा किंवा तातडीने दवाखाना. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका राज्यात जानेवारी २०१४ पासून धावते, गावात आशा कार्यकर्ती आहे, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये जालन्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन झाले. अंबड-घनसावंगी-मंठा भागातील कुटुंबे ऊसतोडीला जातात तेव्हा यातले बरेच मागे राहते: फडाजवळच्या कोपीत थर्मामीटर नसतो, ओळखीची आशा नसते आणि रात्री मुकादमाला उठवल्याशिवाय वाहन मिळत नाही. सोबत न्यावी अशी पॅरासिटामॉलची बाटली आणि मुलाचे वजन लिहिलेले लसीकरण कार्ड, एवढे तरी निघण्यापूर्वी हाती देता येते.

एकदा आकडी आलेल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश मुलांना ती पुन्हा येते. पहिली आकडी दीड वर्षाच्या आत आली किंवा घरात कुणाला बालपणी अशी आकडी आली असेल तर शक्यता जास्त. वारंवार येत असल्यास काही बालरोगतज्ज्ञ तापाच्या दिवसांपुरते क्लोबाझाम देतात. लस टोचल्यावरच्या तापात आकडी आली म्हणून पुढच्या लसी मात्र थांबवू नयेत. डॉक्टरांना आधी सांगून त्या वेळेवर पूर्ण करायच्या असतात.