एका धंद्यातून एकच बाई

गटाच्या रजिस्टरबद्दल आम्ही बोललो त्या दिवशी एका ताईंचा फोन आला. म्हणाल्या, "तालुक्याला इनरव्हीलच्या बायका येतात, शाळेला बाकं देतात, डोळ्यांचं शिबिर घेतात. त्यांच्यात आपल्याला जाता येतं का?" प्रश्न साधा, पण त्याच्या उत्तराला शंभर वर्षांचा इतिहास आहे. म्हणून आजचा भाग त्यावरच.

सुरुवात पुरुषांपासून करावी लागते. १९०५ साली अमेरिकेतल्या शिकागो शहरात पॉल हॅरिस नावाच्या वकिलानं रोटरी क्लब काढला. नियम असा की एका धंद्यातून एकच माणूस. एक वकील, एक शिंपी, एक कोळशाचा व्यापारी. एकाच धंद्यातले दोघे नसले की गिऱ्हाइकावरून कुरबुर नाही, आणि गावाची सगळी कामं जाणणारी माणसं एका टेबलाशी बसतात. नियम शहाणपणाचा होता. पण त्यात बाईला जागाच नव्हती. तिचा धंदा कोणता का असेना!

मग बायकांनी काय केलं? इंग्लंडमध्ये मँचेस्टरला १९२४ साली मार्गारेट गोल्डिंग या बाईंनी रोटरीवाल्यांच्या घरच्या बायकांना एकत्र केलं, तेच इनरव्हील. सभासद व्हायला नवरा रोटरीत हवा, म्हणजे कुंकवाच्या नात्यानं प्रवेश. गंमत बघा, गोल्डिंगबाई स्वतः परिचारिका होत्या, व्यवसायही करत होत्या. पुढे ही अट सैल झाली. म्हणून त्या ताईंना आमचं उत्तर असं: नवरा रोटरीत नाही म्हणून आता कोणी दार लावत नाही, पण तिथल्या सभासदांशी ओळख करून घ्यावी लागते.

अमेरिकेतल्या बायकांनी दुसरी वाट धरली. नवऱ्याचा धंदा नको, आमचा धरा, म्हणाल्या. १९१९ मध्ये बफेलो शहरात झोंटा सुरू झालं, १९२१ मध्ये कॅलिफोर्नियात ओकलंडला सोरॉप्टिमिस्ट. ओकलंडची एक गोष्ट सांगतात. स्टुअर्ट मॉरो नावाचे गृहस्थ पुरुषांचे क्लब काढत फिरायचे. पार्कर-गोडार्ड नावाच्या टायपिंग-शॉर्टहँडच्या शाळेत ते मालकाला भेटायला गेले, तर मालक निघाल्या बाई! बाईंनी त्यांना सुनावलं की बायकांचा क्लब काढाल तेव्हा या. त्यांनी खरंच काढला. पहिल्या सभासद ऐंशी. पहिल्या अध्यक्षा व्हायोलेट रिचर्डसन, शाळांमधल्या व्यायाम शिक्षणाच्या प्रमुख. तोडीतून तिथले प्रचंड रेडवूड वृक्ष वाचवणं, हे त्यांचं पहिलं काम.

आता अटी बघू. धंद्याची अट रोटरीचीच: एका धंद्यातून एकच बाई. गावात दोन डॉक्टरीणबाई असतील तर पहिली आत आणि दुसरी थांबलेली. दुसरी अट हुद्द्याची. नुसती नोकरी पुरत नसे, त्या कामात तिचा शब्द चालला पाहिजे. दुकानाची मालकीण, शाळेची मुख्याध्यापिका, कचेरीतली विभागप्रमुख. आणि आपण होऊन अर्ज करायची सोय नाही. आतल्या कुणी नाव सुचवायचं, बाकीच्यांनी होकार द्यायचा, मग बोलावणं. वर्गणी आणि बैठकीची हजेरी होतीच, ते तुम्हाला नवीन नाही.

एवढ्या कडक अटी कशाला? आम्हालाही आधी राग आला. मग त्या काळाकडे पाहिलं. अमेरिकेत देशभरच्या बायकांना मताचा हक्क मिळाला तो १९२० साली. कमावती बाई म्हणजे लग्न होईपर्यंतची पाहुणी, असं समजणारे पुष्कळ होते. त्यांना दाखवायचं होतं की हिचा धंदा आहे, हिच्या सहीनं चेक वटतो. वैमानिक अमेलिया इअरहार्ट झोंटाची सभासद होती. १९३८ पासून तिच्या नावानं विमान आणि अवकाशाचं उच्च शिक्षण घेणाऱ्या बायकांना झोंटा शिष्यवृत्ती देतं. अशी माणसं यादीत असली की संस्थेला वजन येतं. पण त्याच अटींनी स्वयंपाकीण बाहेर राहिली, कापड गिरणीतली कामगार बाहेर राहिली. पुढे अटी सैल होत गेल्या. रोटरीचं दार उघडायला मात्र कोर्ट लागलं. कॅलिफोर्नियातल्या दुआर्ते गावच्या क्लबानं तीन बायका घेतल्या म्हणून क्लबालाच काढून टाकलं. प्रकरण अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गेलं, १९८७ मध्ये निकाल बायकांच्या बाजूनं लागला, आणि १९८९ पासून जगभर रोटरीत बायका सभासद होऊ लागल्या.

आपण यात कुठे? फॉर्मवर 'व्यवसाय' हा रकाना आला की आपल्यातल्या किती जणी 'गृहिणी' लिहितात! पहाटे चारला उठून धार काढणारी, तिचं दूध डेअरीत नवऱ्याच्या नावावर जातं. भांगलण करणारी, पण सातबाऱ्यावर तिचं नाव नाही. शिलाई मशीन चालवणारी म्हणते, "घरीच असते." आमच्याच गटात फॉर्म भरताना सतरा जणींपैकी चौदा जणींनी असंच लिहिलं होतं. आम्ही पुन्हा भरून घेतले. दोघी तरी म्हणाल्या, "असं लिहिलं तर काही होईल का?"

आणि अटी आपल्याही आहेत बरं का. आपल्या गटात एका घरातून एकच बाई. कारण तेच: सासू-सून दोघी आत असल्या की कर्जाच्या वेळी एक घर दोन मतं टाकतं. हा नियम आम्हाला पटतो. पण दुसरा एक नियम खुपतो. लागोपाठ चार बैठका चुकल्या की नाव कमी. आमच्या वस्तीवरची एक ताई दिवाळीनंतर ऊसतोडीला जाते, ती उन्हाळा लागल्यावरच परतते. दोन वर्षांपूर्वी आम्हीच तिचं नाव कमी केलं. रजिस्टर चोख राहिलं. त्या वर्षी मुलीच्या बाळंतपणाला तिनं मुकादमाकडून उचल घेतली, गटाचं कर्ज मिळालं नाही म्हणून. उचल फिटेपर्यंत कोयता हातातून सुटत नाही, हे सांगायला नको.

यंदा आम्ही ठराव केला. तोडीला जाणारीनं निघण्यापूर्वी सहा महिन्यांची बचत एकदम भरावी, किंवा परत आल्यावर तीन हप्त्यांत भरावी. गैरहजेरी धरायची नाही. दोघींनी विरोध केला, की मग आम्हीच का दर आठवड्याला यायचं? त्यांचंही खोटं नाही. म्हणून कर्जाच्या रांगेत पहिला नंबर गावात राहणारींचा ठेवला. ती ताई अजून परत यायला तयार नाही. "पुन्हा काढाल," म्हणते. पुढच्या बुधवारी आम्ही तिघी तिच्या घरी जाणार आहोत.

तुमच्या गटात तोडीला जाणाऱ्या बायकांचं कसं करता, ते केंद्रावर फोन करून किंवा चिठ्ठी पाठवून कळवा.