डांबरातला धागा

१९६०च्या दशकात पश्चिम जर्मनीतले मोटारवाले हिवाळ्यात खिळे बसवलेले टायर वापरत. बर्फावर पकड मिळायची, पण बर्फ नसलेल्या रस्त्यावर तेच खिळे डांबराचा थर खरवडून काढायचे आणि चाकांच्या वाटेवर खोल चाकोऱ्या पडायच्या. ‘स्ट्राबाग’ या बांधकाम कंपनीच्या प्रयोगशाळेतले डॉ. झिश्नर यांनी या झिजेवर उपाय म्हणून वेगळं मिश्रण तयार केलं. त्यात टणक, मोठी खडी इतकी जास्त घेतली की दगडाला दगड टेकून राहावा आणि चाकाचा भार थेट दगडांतून खाली जावा. मधल्या फटी भरायला डांबर आणि दगडाची भुकटी यांचा दाट लगदा. १९६८ साली विल्हेल्म्सहाफेन शहरात असा रस्ता झाला. आज हे मिश्रण ‘स्टोन मॅट्रिक्स अस्फाल्ट’, म्हणजेच एसएमए, या नावाने ओळखलं जातं.

पण यात एक मोठी अडचण होती. नेहमीच्या मिश्रणापेक्षा यात डांबर जास्त लागतं, साधारण ६ ते ७ टक्के, आणि मधल्या मापाची खडी फार कमी असते. १५० अंशांच्या वर तापलेलं डांबर पातळ होतं. डंपर प्लँटवरून कामाच्या जागी पोहोचेपर्यंत ते दगडांवरून निथळून तळाशी जमतं. मग रस्त्यावर एका ठिकाणी डांबराचे काळे, चिकट डाग दिसतात आणि दुसऱ्या ठिकाणी कोरडी, सुटी खडी. हे निथळणं धाग्यांनी थांबवलं. सुरुवातीला अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू वापरले गेले. ते फुप्फुसांना घातक असल्याने मागे पडले आणि त्यांची जागा सेल्युलोजने, म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून किंवा रद्दी कागदापासून काढलेल्या तंतूंनी घेतली. प्रमाण मिश्रणाच्या वजनाच्या ०.३ टक्के, म्हणजे टनाला फक्त ३ किलो. असंख्य बारीक तंतू गरम डांबर स्वतःभोवती धरून ठेवतात आणि ते दगडावरच राहतं.

पश्चिम जर्मनीने १९७५ साली खिळ्यांच्या टायरवर बंदी घातली. ज्या कारणासाठी हे मिश्रण जन्मलं ते कारणच उरलं नाही, तरी मिश्रण टिकलं, कारण जड ट्रकांखालीही त्याला सहजी चाकोऱ्या पडत नव्हत्या. १९८४ मध्ये जर्मनीने त्याचं मानक ठरवलं. १९९० मध्ये युरोपातले रस्ते पाहायला गेलेल्या अमेरिकी अभियंत्यांनी ते आपल्या देशात नेलं आणि २००८ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेसने भारतासाठी त्याचे निकष प्रसिद्ध केले.

सेल्युलोजचा धागा डांबराला धरतो. रस्त्याला ताण सोसण्याची ताकद देणं हे त्याचं मुख्य काम नव्हे. ते काम दुसऱ्या धाग्यांचं आहे आणि ते समजून घ्यायचं तर रस्त्याला भेग कशी पडते हे आधी पाहायला हवं. चाकाखाली डांबराचा थर किंचित वाकतो. वाकलेल्या थराच्या तळाशी ताण बसतो, चाक पुढे गेलं की सुटतो. हे लाखो वेळा झालं की तळाशी केसासारखी भेग उमटते आणि वर वर चढू लागते. आपल्याला ती दिसते तेव्हा निम्मं नुकसान होऊन गेलेलं असतं. दुसरीकडे, ऊन आणि हवा यांनी वरचं डांबर वर्षागणिक कडक आणि ठिसूळ होत जातं.

अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात खास बांधलेल्या रस्त्यांवर भरलेले ट्रक अखंड फिरवून एक मोठी चाचणी झाली. तिच्यातून निघालेला नियम आजही अभियंते वापरतात: आसावरचा भार वाढतो त्याच्या साधारण चौथ्या घाताने रस्त्याचं नुकसान वाढतं. भार दुप्पट, तर नुकसान सोळापट. आपल्याकडे २०१८ साली चार टायरच्या आसावरची मंजूर मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन झाली. भार वाढला जेमतेम १३ टक्के, पण या नियमाने हिशेब मांडला तर आसाखालचं नुकसान सुमारे ६० टक्क्यांनी वाढतं. डांबरात धागा घालायचा विचार का करावा, याचं मला पटलेलं सर्वांत साधं उत्तर हेच आहे.

मातीची भिंत लिंपताना चिखलात भुसा कालवतात, तो वाळताना भिंतीला तडकू देत नाही. अ‍ॅरामिड हा कृत्रिम धागा डांबरात हेच काम करतो. स्टेफनी क्वोलेक यांनी १९६५ साली ड्यूपाँट कंपनीत शोधलेला केव्हलार हा याच जातीचा, गोळीरोधक जाकिटांतला. तो प्लँटच्या उष्णतेने वितळत नाही आणि भेगेच्या दोन्ही काठांना पकडून ती रुंदावू देत नाही. लागतोही किती थोडा! ७ मीटर रुंद आणि ४० मिलिमीटर जाड असा एक किलोमीटरचा थर म्हणजे साधारण पावणेसातशे टन मिश्रण. एसएमएसाठी त्यात सेल्युलोज २ टन लागेल. टनाला ६५ ग्रॅम या अमेरिकेत रूढ असलेल्या प्रमाणाने अ‍ॅरामिड लागेल फक्त ४४ किलो.

एवढासा धागा पावणेसातशे टनांत सारखा पसरवणं हीच खरी परीक्षा. नीट मिसळला नाही तर त्याचे गोळे होतात, आणि गोळा म्हणजे थरातली कमकुवत जागा. पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकचा धागा तर १६० अंशांच्या पुढे वितळायलाच लागतो. म्हणजे प्लँटवरचा माणूस तापमान चढवून बसला की धागा धागाच राहत नाही. २०१५ साली अमेरिकेत या विषयावरच्या कामांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा प्रत्यक्ष रस्त्यांवरचे निकाल संमिश्रच निघाले. धागा घातला म्हणजे रस्ता टिकला, असा सरसकट दावा कोणी करत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये.

नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट विद्यापीठातल्या एरिक श्लांगेन यांच्या गटाने केलेला प्रयोग मला सर्वांत लोभस वाटतो. तिथल्या महामार्गांवर पाणी झिरपून जाणारं सच्छिद्र डांबर वापरतात. आवाज कमी होतो, पाणी साचत नाही, पण खडी लवकर सुटू लागते. या गटाने मिश्रणात पोलादी लोकरीचे तुकडे घातले. वरून इंडक्शन यंत्र फिरवलं की पोलाद तापतं, भोवतालचं डांबर मऊ होतं आणि बारीक भेगा बुजतात. २०१० साली फ्लिसिंगनजवळ ए-५८ महामार्गाच्या ४०० मीटर पट्ट्यावर हे प्रत्यक्ष करून पाहिलं. वेल्समध्ये तर २०२२च्या सुमारास ए-४८७ रस्त्याचा २.४ किलोमीटरचा पट्टा वापरून टाकलेल्या लाखभर डायपरांच्या स्वच्छ केलेल्या तंतूंनी झाला. आपल्याकडे काथ्या, ताग, केळीचं सोपट, उसाची चिपाडं यांवर अभ्यास झाले आहेत. हे तंतू ओलावा शोषतात आणि उष्णतेने करपतात, म्हणून त्यांच्यावर आधी प्रक्रिया करावी लागते. पण जळगावची केळी आणि कोकणचा काथ्या घरचाच असताना आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी हा विषय सोडू नये.

मग महाराष्ट्रात धाग्याचं डांबर कुठे घालावं? चंद्रपूर-नागपूरकडे उन्हाळ्यात रस्त्याचा पृष्ठभाग ६० अंशांवर जातो, तिथे. कसारा घाटासारख्या चढावर, जिथे भरलेला ट्रक रांगत जातो आणि भार एकेका जागी जास्त वेळ राहतो, तिथे. सिग्नलपाशी आणि एसटी थांब्यांवरही. काळ्या पाषाणाची खडी डांबराला चांगली धरते, ही आपल्याकडची जमेची बाजू आहेच. मात्र कोकणातल्या पावसात गटार तुंबून पाणी थराखाली शिरत असेल, किंवा काळ्या मातीवर भराव नीट न दाबता डांबर ओतलं असेल, तर कुठलाच धागा काही करू शकत नाही. उताराचं, गटाराचं आणि दाबाईचं काम आधी, धागा त्यानंतर.

आपल्या गावातल्या रस्त्याच्या निविदेत धाग्याचा उल्लेख असेल तर तीन गोष्टी विचाराव्यात: धागा कुठला, टनाला किती, आणि डांबर निथळण्याची चाचणी कधी केली. एसएमएमध्ये हे निथळणं ०.३ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. माहिती अधिकार कायदा, २००५ नागरिकाला फक्त कागद पाहण्याचा नव्हे, तर सरकारी कामाची पाहणी करण्याचा आणि त्यात वापरलेल्या साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क देतो.