आरेखन आणि मांडणीसाठी संगणकाची निवड

ग्रामसभेची सूचना, लसीकरणाचे भित्तिपत्रक, पाणीपुरवठा योजनेचा नकाशा, शाळेचा वार्षिक अंक अशी कामे पूर्वी चित्रकार, आरेखक आणि छापखान्यातील कंपोझिटर यांच्या हातून पार पडत असत. १९८५ मध्ये मॅकिंटॉश संगणकासाठी 'पेजमेकर' हा कार्यक्रम आला आणि पानाची मांडणी टेबलावर बसून करणे शक्य झाले. १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या 'सी-डॅक' या संस्थेने भारतीय लिपी संगणकावर आणण्याच्या कामी मोलाचा वाटा उचलला. आज ही सर्व कामे एकाच यंत्रावर होऊ शकतात. साहजिकच शाळा, औद्योगिक प्रशिक्षण संस्था आणि ग्रामपंचायती यांच्यापुढे प्रश्न उभा राहतो, की असे यंत्र घ्यावे कोणते?

हा प्रश्न सार्वजनिक पैशाचा आहे. पत्रलेखनासाठी उत्तम असलेला संगणक मोठे भित्तिपत्रक उघडताच अडखळू लागला, तर तो कोपऱ्यात पडून राहतो आणि काम पुन्हा बाहेरून करून घ्यावे लागते. उलटपक्षी, साध्या सूचनापत्रकांसाठी अतिशय महागडे यंत्र घेणे हाही अपव्ययच होय. म्हणून कामाची यादी आधी आणि यंत्राचा तपशील नंतर, हा क्रम कटाक्षाने पाळला पाहिजे.

कामाचे तीन वर्ग

आरेखनाच्या कामाचे ढोबळमानाने तीन वर्ग पडतात. पहिल्या वर्गात पत्रके, पुस्तिका, भित्तिपत्रके आणि छायाचित्रांची दुरुस्ती येते. दुसऱ्यात इमारतींचे आराखडे आणि गावाचे नकाशे येतात. तिसऱ्यात त्रिमिती चित्रे, सचेतपट आणि चित्रफितींचे संपादन यांचा समावेश होतो. संस्थेत वर्षभरात प्रत्यक्ष कोणत्या वर्गातील काम किती होणार, हे संबंधित शिक्षक अथवा कर्मचाऱ्याला विचारून लिहून काढावे. पुढील सर्व निर्णय या एका कागदावर अवलंबून असतात.

स्मृती किती असावी?

जाहिरातीत प्रोसेसरचे नाव ठळक असते. परंतु चित्रांच्या कामात यंत्र प्रथम अडते ते स्मृतीपाशी, म्हणजे रॅमपाशी. कार्यालयाच्या भाषेत सांगावयाचे, तर रॅम हे टेबल आहे आणि डिस्क हे कपाट. टेबल लहान असेल तर प्रत्येक नस्तीसाठी कपाटाकडे उठून जावे लागते.

याचा हिशेब सहज मांडता येतो. ए-४ आकाराचे पान छपाईसाठी एका इंचात ३०० बिंदू या प्रमाणात घेतले, तर त्यात २,४८० गुणिले ३,५०८, म्हणजे सुमारे ८७ लाख बिंदू असतात. छपाईच्या चार रंगांसाठी प्रत्येक बिंदूस चार बाइट लागतात. म्हणजे एका पानाच्या चित्रास सुमारे ३५ मेगाबाइट जागा लागते. ए-१ आकाराच्या भित्तिपत्रकात हेच बिंदू सुमारे ७ कोटी होतात आणि जागा २८० मेगाबाइट लागते. चित्राचे पूर्ण आकाराचे दहा थर असल्यास ही मागणी २.८ गिगाबाइटवर जाते. मागील कृती रद्द करण्याची सोय ठेवण्यासाठी लागणारी जागा आणि यंत्राच्या मूळ प्रणालीची गरज त्याखेरीज वेगळी.

यावरून ८ जीबी रॅम अपुरी का पडते, हे ध्यानात येईल. पहिल्या वर्गाच्या कामासाठी १६ जीबी, तर मोठी भित्तिपत्रके, मोठे आराखडे व त्रिमिती कामासाठी ३२ जीबी ठेवणे योग्य. पुढे वाढ करता यावी म्हणून रॅमचे काही स्लॉट रिकामे असलेले यंत्र निवडावे. या दृष्टीने पडद्यातच सर्व भाग बंदिस्त केलेल्या संगणकापेक्षा वेगळी कॅबिनेट असलेला संगणक अधिक सोयीचा ठरतो.

प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड आणि डिस्क

आराखड्याच्या बऱ्याच कामात प्रोसेसरचा एकच गाभा राबत असतो. तेथे गाभ्यांच्या संख्येपेक्षा एका गाभ्याचा वेग महत्त्वाचा. त्रिमिती चित्र अंतिम स्वरूपात तयार करताना मात्र सर्व गाभे कामास लागतात. पहिल्या दोन वर्गांसाठी अलीकडच्या पिढीतील सहा ते आठ गाभ्यांचा प्रोसेसर पुरेसा आहे. स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाची खरी गरज तिसऱ्या वर्गात पडते; पत्रके आणि साध्या नकाशांसाठी प्रोसेसरमधील अंगभूत सोय चालते. तो पैसा रॅम आणि मॉनिटर यांवर खर्च करणे अधिक लाभाचे.

साठवणीसाठी फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी घ्यावी. हार्ड डिस्क सेकंदास दीडशे ते दोनशे मेगाबाइट माहिती वाचते, साटा जोडणीची एसएसडी सुमारे ५५० आणि एनव्हीएमई प्रकारची त्याच्या कित्येक पट. हार्ड डिस्क जुन्या कामांच्या प्रती ठेवण्यासाठी वापरावी. महत्त्वाच्या नकाशांच्या तीन प्रती दोन निराळ्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक इमारतीबाहेर ठेवावी.

मॉनिटर : आरेखकाचा डोळा

मॉनिटरच्या बाबतीत काटकसर करण्याकडे कल असतो. वास्तविक आरेखक दिवसभर पाहतो तो मॉनिटरच. बाजूने पाहिले तरी रंग न बदलणारा आयपीएस पडदा घ्यावा. 'एसआरजीबी' या प्रमाण रंगपटाची व्याप्ती शंभर टक्क्यांच्या जवळ असावी. काही माहितीपत्रकांत एनटीएससीचे प्रमाण दिलेले असते. त्यातील ७२ टक्के म्हणजे ढोबळमानाने संपूर्ण एसआरजीबी, तर ४५ टक्के असलेला पडदा रंगकामास निरुपयोगी समजावा. आकार २४ इंचांहून कमी नसावा. मागे अथवा समोर खिडकी येणार नाही, अशा रीतीने तो मांडावा.

पडदा लाल, हिरव्या व निळ्या प्रकाशातून रंग घडवितो, तर छापखाना आकाशी, किरमिजी, पिवळी व काळी या चार शायांतून. त्यामुळे पडद्यावर झळाळणारा निळा वा हिरवा रंग कागदावर मंद उतरतो. मोठ्या छपाईपूर्वी एक नमुना प्रत छापून पाहणे, हाच त्यावर खात्रीचा उपाय होय.

मराठी अक्षरांची कसोटी

आपल्या संस्थांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची कसोटी मराठी मजकुराची आहे. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टंकलिखित केलेला मजकूर, तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर निरर्थक रोमन अक्षरांच्या रूपात दिसतो. शोधता न येणारा आणि दुसऱ्या कार्यालयास न वाचता येणारा मजकूर हा दप्तरात असून नसल्यासारखाच. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीचा त्यात अंतर्भाव आहे, आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी आरेखित केलेला 'मंगल' हा युनिकोड फॉन्ट विंडोज प्रणालीतून घरोघरी पोहोचला आहे. तेव्हा मूळ मजकूर युनिकोडमध्येच ठेवावा.

काही मांडणी कार्यक्रमांत भारतीय लिपींची अक्षरजुळणी स्वतंत्रपणे निवडावी लागते. न निवडल्यास जोडाक्षरे तुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी भलत्याच ठिकाणी पडते. म्हणून यंत्र ताब्यात घेताना 'राष्ट्रीय', 'तऱ्हा', 'ऊर्ध्व', 'शृंखला' असे शब्द टंकलिखित करून, मराठी वळणाचे ल आणि श उमटतात काय, हे पाहून मगच पसंती द्यावी.

सॉफ्टवेअर, वीज आणि खरेदी

यंत्राची किंमत हा खर्चाचा एक भाग झाला. फोटोशॉपच्या निर्मात्या ॲडोबी कंपनीने २०१३ पासून आपल्या प्रमुख कार्यक्रमांच्या नव्या आवृत्त्या वर्गणीच्या पद्धतीने देण्याचे धोरण स्वीकारले. म्हणजे हा खर्च दरवर्षी येणारा आहे. रेखाचित्रांसाठी इंकस्केप, छायाचित्रांसाठी जिंप, पानांच्या मांडणीसाठी स्क्रायबस, नकाशांसाठी क्यूजीआयएस आणि त्रिमिती कामासाठी ब्लेंडर हे कार्यक्रम विनामूल्य व कायदेशीररीत्या उपलब्ध आहेत. बेकायदा प्रत वापरणे हा गुन्हा तर आहेच, शिवाय अशा प्रतींबरोबर घातक विषाणू यंत्रात शिरण्याचा धोका असतो.

अर्थिंग योग्य आहे याची वीजतंत्रीकडून खात्री करून घ्यावी. काम जतन करण्यास काही मिनिटे मिळतील, इतक्या क्षमतेचा यूपीएस हवा. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असल्यास १,००० व्हीए क्षमतेचा घ्यावा. लेझर प्रिंटर मात्र यूपीएसवर जोडू नये, कारण तो एकाएकी मोठा विद्युतभार ओढतो. वळवाच्या पावसात विजा चमकू लागताच प्लग काढून ठेवणे हिताचे.

ऑगस्ट २०१६ मध्ये सुरू झालेल्या 'जेम' या शासकीय ई-बाजारावर मागणी नोंदविताना विशिष्ट कंपनीचे नाव न देता रॅम, एसएसडी, रंगपट आणि हमीकाल यांचा स्पष्ट तपशील द्यावा. भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी पाहावी. विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असल्याने, विंडोज ११ चालू न शकणारे जुने यंत्र स्वस्त मिळाले तरी विचारपूर्वक नाकारावे. जागेवर येऊन दुरुस्ती करण्याची तीन वर्षांची हमी मिळाल्यास उत्तम. यंत्र आल्यावर संस्थेचेच एखादे मोठे काम त्यावर उघडून, बदलून व छापून पाहावे.

सर्वांत शेवटी, यंत्र वापरणाऱ्या व्यक्तीच्या प्रशिक्षणाची तरतूद खरेदीच्या प्रस्तावातच असावी. गावाचा नकाशा गावातच तयार होऊ लागला, तर त्यावरील विहीर, ओढा आणि पाणंद यांची चूक ग्रामस्थांना तेथेच दाखवून देता येईल आणि लगेच सुधारता येईल. संगणकावर केलेला खर्च सार्थकी लागला, असे त्या वेळी म्हणता येईल.