इंजिन तेल का खाते?

विहिरीवर विजेचा पंप असला, तरी ऐन पाण्याच्या पाळीला वीज गेली की डिझेल इंजिन लागते. किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी पुण्यात १९४६ साली निघाली. पुढे अशी इंजिने शेतोशेती आली. सुलतानपूरच्या शिवारात असे इंजिन निळा धूर सोडू लागले, तर त्याच्या पोटात काय झाले असेल?

इंजिनात एक गोल नळा असतो. तो सिलिंडर. त्यात पिस्टन वरखाली पळतो, मिनिटाला साधारण १५०० वेळा. दोघांमधली फट बुजवायला पिस्टनवर बांगडीसारख्या लोखंडी रिंगा असतात. रिंग एके ठिकाणी कापलेली असते, म्हणून ती बाहेर फाकून नळ्याला चिकटते. वरच्या रिंगा जाळाचा जोर अडवतात. खालची रिंग जादा तेल खरडते. ती झिजली की तेल वर जाऊन जळते. तोच निळा धूर.

रिंग आणि नळा यांमध्ये तेलाचा थर असतो, केसाहून कितीतरी पातळ. पिस्टन वरच्या टोकाला क्षणभर थांबतो. तिथेच जाळ फार. तिथे थर तुटतो व लोखंड लोखंडाला घासते. म्हणून नळा वरच्या अंगाला जास्त झिजतो. त्याच्याही वर, रिंग पोचत नाही तिथे, मूळचा काठ राहतो. तो बोटाला लागतो.

ही झीज वर्षांची. धूळ तेच काम एका हंगामात करते. गारगोटी चकमकीच्या लोखंडातून ठिणगी काढते, इतकी ती कठीण. धुळीत तसेच बारीक कण असतात. तरी 'इंजिनाला दम लागतो' म्हणून मळणीत हवेची जाळी काढून ठेवणारे शहाणे मी पाहिले आहेत! जाळी तेलाची असेल तर धुऊन नवे तेल भरा. कागदाची असेल तर बदला.

तेल कमी पडले किंवा इंजिन फार तापले, तर नळ्याला उभे चरे पडतात. कधी पिस्टन जामच होतो.

मिस्त्री म्हणेल, नुसत्या रिंगा टाकू, स्वस्तात होईल. थांबा. झिजलेल्या नळ्यात नवी रिंग वरच्या काठावर आपटून तुटते, आणि चरे तर रिंगेने बुजतच नाहीत. पैसे दोनदा जातात. आधी नळा वर आणि खाली, दोन्हीकडे आपल्यासमोर मोजून घ्या. किती झीज चालते ते इंजिनाच्या पुस्तिकेत छापलेले असते. ती आता तुम्हांला वाचता येते.

नव्या नळ्यात आतून तिरक्या रेघा दिसल्या तर तक्रार करू नका. त्या मुद्दाम ओढलेल्या असतात. त्यांत तेल टिकते. जुना नळा आरशासारखा चकचकीत दिसला, तर त्यावर मात्र तेल ठरत नाही.