पोराला गेमचं मशीन हवंय : पीसी घ्यावा की कन्सोल?

मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीतून आमच्याकडे एक प्रश्न आला. गटातल्या ताईंनी २५,००० रुपयांचं कर्ज मागितलं होतं. कारण लिहिलं होतं 'मुलाचा कॉम्प्युटर'. चर्चा सुरू झाली तेव्हा कळलं, मुलाच्या डोक्यात आहे गेम. शहरातल्या मावसभावाकडे त्यानं प्लेस्टेशन पाहिलंय. सुट्टीभर पंपावर काम करून निम्मे पैसे त्यानं स्वतः जमवलेत, उरलेले आईनं द्यायचे. गटात दोन तट पडले. एकीचं म्हणणं, खेळण्यासाठी कर्ज कसलं? दुसरी म्हणाली, पोरगं घाम गाळून पैसे साठवतंय, त्याला निदान नीट सल्ला तरी द्या. आम्हाला दुसरीचं पटलं. म्हणून आज हेच बोलू.

आधी एक गोष्ट बाजूला काढू. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन डाव हा वेगळा प्रकार आहे. २०२५ साली केंद्र सरकारनं कायदा करून त्यांवर बंदी घातली. आपण बोलतोय ते साधे खेळ : गाडी पळवणं, क्रिकेट, फुटबॉल, लढाई. हे खेळायला दोन रस्ते आहेत. पीसी म्हणजे आपला टेबलावरचा कॉम्प्युटर, आणि कन्सोल म्हणजे फक्त खेळासाठी बनवलेली, टीव्हीला जोडायची पेटी. सोनीचं प्लेस्टेशन आणि मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स हे कन्सोल आपल्याकडे मिळतात.

फरक कळायला शिलाई मशीन आठवा. पायानं चालवायचं मशीन घेतलं, दोन वर्षांनी हातात पैसे आले की त्याला मोटर बसवली, पुढे पिको-फॉलचं काम सुरू केलं. पीसी तसा आहे. कन्सोल म्हणजे मिक्सर. बटण दाबलं की काम सुरू, पण आतली मोटर तुम्ही बदलू शकत नाही. फार तर एखादं भांडं वाढवाल.

आता किंमत. प्लेस्टेशन ५ भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये आलं, तेव्हा डिस्क चालणाऱ्या पेटीची किंमत होती ४९,९९० रुपये. थांबलं की वस्तू स्वस्त होते असा आपला अनुभव; इथे उलटं झालं. नोव्हेंबर २०२२ मध्ये तीच पेटी ५४,९९० झाली. त्यामुळे आजचा भाव दुकानात विचारूनच हिशोब करा. पण एक मान्य करायला हवं : जेवढं सुंदर चित्र आणि जेवढा वेग या पेटीत मिळतो, तेवढ्या ताकदीचा नवा पीसी त्या पैशांत बसत नाही. मॉनिटर, कीबोर्ड, माउस वेगळे. कन्सोलला घरातला टीव्ही चालतो.

मग कन्सोल स्वस्त? थांबा. मोठ्या कंपनीचा नवा गेम प्लेस्टेशन ५ साठी ४,९९९ रुपयांच्या आसपास जाऊ शकतो. असे दहा गेम घेतले की आणखी एका पेटीचे पैसे झाले. शिवाय विकत घेतलेला गेम मित्रांबरोबर इंटरनेटवरून खेळायचा असेल, तर बहुतेक वेळा सोनीला वेगळी वर्गणी भरावी लागते. पीसीवर अशी वर्गणी नाही. तिथे वर्षातून काही वेळा सेल लागतात आणि जुने चांगले गेम काहीशे रुपयांत मिळतात. व्हॅलोरंटसारखे काही तर फुकटच आहेत. कन्सोलच्या बाजूनं एक गोष्ट मात्र आहे : डिस्क. खेळून झालेली डिस्क विकता येते, मित्राशी अदलाबदल करता येते. फक्त डिस्क न चालणारी पेटीही मिळते, ती थोडी स्वस्त असते. तिच्यात ही सोय गेली.

गावात राहणाऱ्यांसाठी डिस्कचा मुद्दा फार मोठा आहे. आजचे मोठे गेम ८०-९० जीबीचे असतात. आपल्या मोबाईलचं रिचार्ज रोज दीड जीबीचं. म्हणजे ९० जीबीचा एक गेम उतरवायला पूर्ण दोन महिने, आणि तोवर घरात कुणी व्हिडिओ कॉलही करायचा नाही! डिस्कवरून बराचसा गेम पेटीत भरता येतो, पण नंतरचे अपडेट इंटरनेटवरूनच येतात. एक्सबॉक्स सिरीज एस कमी किमतीचा म्हणून मुलं मागतात. २०२० मध्ये तो ३४,९९० ला आला होता. त्याला डिस्कची खाचच नाही. घरी किंवा ग्रामपंचायतीजवळ फायबरची जोडणी नसेल, तर तो आणू नका.

विजेचंही पाहू. प्लेस्टेशन ५ खेळताना साधारण २०० वॅट खातं. रोज दोन तास धरले तर महिन्याला १२ युनिट, टीव्हीची वीज वेगळी. मोठं ग्राफिक्स कार्ड लावलेला पीसी याच्या दुपटीपर्यंत किंवा त्याच्याही पुढे जाऊ शकतो. कार्डाशिवायचा साधा पीसी मात्र कमीच खातो. बिलापेक्षा जास्त भीती अचानक जाणाऱ्या विजेची. दोन्ही यंत्रांना ती मानवत नाही. पीसीला यूपीएस घ्याच, आणि तो किती वॅटचा हे कार्डाचा भार धरून विचारा. घराला अर्थिंग नसेल तर आधी ते करून घ्या.

आता वाढवण्याची गोष्ट, ज्याला मुलं 'अपग्रेड' म्हणतात. आमच्या मते खरा निकाल इथेच लागतो. प्लेस्टेशन ३ आलं २००६ मध्ये, ४ आलं २०१३ मध्ये, ५ आलं २०२० मध्ये. सातेक वर्षांनी नवी पेटी येते, हळूहळू नवे गेम जुनीवर यायचे बंद होतात आणि पुन्हा पूर्ण रक्कम काढावी लागते. मधल्या काळात कन्सोलमध्ये साठवणुकीची जागा वाढवता येते, आतली ताकद मात्र नाही. पण त्या सात वर्षांत भाग निवडायची-बदलायची कटकट नसते, हेही खरं.

पीसीत एकेक भाग बदलता येतो. हाती थोडे पैसे असतील तर सुरुवात अशी करता येते : ज्या प्रोसेसरमध्येच चित्र दाखवण्याची बऱ्यापैकी ताकद असते, तो घ्यायचा. एएमडीचा रायझेन ५ ५६००जी हा असा एक. सोबत १६ जीबी रॅम, तीही ८-८ च्या दोन पट्ट्यांत, कारण दोन पट्ट्या असल्या की याच प्रोसेसरवर गेम जास्त वेगानं चालतात. ग्राफिक्स कार्ड आता घ्यायचंच नाही. व्हॅलोरंट, माइनक्राफ्ट एवढ्यावर चालतात. अगदी नवे भारी गेम चालणार नाहीत, हे मुलाला आधीच सांगा. दीड-दोन वर्षांनी पैसे जमले की कार्ड. फक्त एक करा : वीजपुरवठ्याची पेटी, जिला एसएमपीएस म्हणतात, ती पहिल्या दिवशीच चांगल्या कंपनीची आणि जरा मोठी घ्या. तिथे हजार रुपये वाचवले तर पुढे कार्ड लावताना ती पुन्हा घ्यावी लागते.

इथेच फसगतही होते. कार्यालयांतून निघालेले जुने कंपनीचे कॉम्प्युटर १०-१५ हजारांत मिळतात आणि दुकानदार म्हणतो, "नंतर कार्ड टाकू." बऱ्याचदा त्यांचा डबा अरुंद असतो, एसएमपीएस लहान आणि त्या कंपनीच्याच मापाचा. त्यात मोठं कार्ड मावतही नाही, चालतही नाही. दुसरं, विंडोज १० ची मोफत मदत मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवली. इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीच्या आधीचा असेल तर त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही. अर्ज भरायला असं मशीन चालेल, गेमसाठी नाही. गेमिंग लॅपटॉपचंही तसंच, त्याचं ग्राफिक्स कार्ड बदलता येत नाही. मूल वसतिगृहात जाणार असेल तरच त्याचा विचार करा.

सोयीच्या बाबतीत कन्सोल सरळ जिंकतो. चालू केलं, खेळलं, दोन रिमोट असले तर बहीण-भाऊ शेजारी बसून खेळले. पीसीला सेटिंग, ड्रायव्हर, अपडेट असं काहीतरी लागलेलं असतं. आणि कुणीतरी पेनड्राइव्हमधून 'फुकट गेम' आणून टाकतं, त्याबरोबर व्हायरस येतो. त्याच कॉम्प्युटरवर तुमच्या गटाचे हिशोब असतील तर विचार करा. पण कन्सोल टीव्ही अडवतो. संध्याकाळी सातला टीव्ही कुणाचा, हा वाद ज्या घरात आधीच आहे तिथे आणखी एक वाटेकरी येतो.

त्या गटाला आम्ही आमचं मत सांगितलं. शेकडा दोन व्याजानं २५,००० वर पहिल्याच महिन्याला ५०० रुपये व्याज लागतं. एवढा भार घेऊन आणलेलं यंत्र फक्त एकाच्याच उपयोगाचं नसावं. त्या ताईंची धाकटी मुलगी दहावीत आहे. तिला पुढे एमएस-सीआयटीचा सराव, मराठी टायपिंग, प्रवेशाचे अर्ज हे सगळं पीसीवर करता येईल, कन्सोलवर नाही. कर्ज काढायचं तर पीसी. मुलगा सगळे पैसे स्वतः जमवणार असेल आणि घरी आधीच कॉम्प्युटर असेल, तर खुशाल कन्सोल घ्यावा, त्यात चूक काही नाही.

बैठकीत शेवटी असं ठरलं की आधी दोन दुकानांची कोटेशन आणायची. यूपीएसही त्यात धरायचा, म्हणजे नंतर गटाकडे पुन्हा हात पसरायला नको. आणि मुलीचेही कॉम्प्युटरवर बसायचे तास ठरवायचे. हे तिच्या आईनंच सुचवलं. जोडलेल्या पीसीत प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळी असते. तेव्हा पक्कं बिल घ्या, त्यावर प्रोसेसर, रॅम, एसएमपीएस असे सगळे भाग सिरियल नंबरसकट लिहून घ्या, आणि ते बिल गटाच्या पासबुकाबरोबर जपून ठेवा.