आवाज अडखळतो तेव्हा

महाराष्ट्राबाहेरील आपल्या अनेक घरांत वडीलधाऱ्यांच्या आवाजातील ओव्या आता संगणकात जपलेल्या असतात. त्या वाजविताना आवाज अडखळला, की ध्वनिमुद्रण बिघडले असे समजून ते पुसून टाकण्याची घाई होते. आम्ही म्हणतो, आधी एवढे पाहावे : आवाज दर वेळी त्याच शब्दावर अडखळतो काय? जागा बदलत असेल, तर ओवी शाबूत आहे. दोष बहुधा यंत्राचा.

सीडीच्या ध्वनीत दर सेकंदास ४४,१०० नमुने असतात. संगणक ते ‘बफर’ नामक छोट्या साठ्यात आधी भरतो. ५१२ नमुन्यांचा साठा १२ मिलिसेकंदही पुरत नाही. तेवढ्यात प्रोसेसर अन्यत्र गुंतला, की साठा रिता होऊन आवाज तुटतो. जुनी प्रणाली चालविण्यासाठी संगणकात उभारलेल्या आभासी संगणकास, म्हणजे व्हर्च्युअल मशीनला, प्रोसेसरसाठी पाळीची वाट पाहावी लागते. म्हणून तेथे हे अधिक घडते.

आम्ही सुचवितो, की ओवी मूळ संगणकावरच वाजवावी, अन्य कामे बंद करावीत, ब्लूटूथऐवजी तारेचा हेडफोन लावावा आणि शेवटी बफर वाढवावा. आवाज किंचित उशिरा येईल, पण अखंड येईल. तत्पूर्वी ध्वनिमुद्रणाची दुसरी प्रत मात्र अवश्य काढावी. यंत्र नवे आणता येते. तो आवाज पुन्हा मिळत नाही.