मुळशीची वीज आणि कार्बनचा हिशेब

हवामानबदलाचा विषय निघाला की आपल्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर वितळणारे हिमनग आणि परदेशातील परिषदा उभ्या राहतात. वस्तुतः या वादातील सर्वांत अवघड प्रश्न आपल्या मुळशीत शंभर वर्षांपूर्वीच विचारला गेला आहे. स्वच्छ विजेची किंमत कोणी मोजायची, हा तो प्रश्न होय.

आधी विज्ञान पाहू. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे 280 भाग होते. आज ते 420 च्या पुढे गेले आहेत. कोळशापासून एक युनिट वीज तयार करताना साधारणतः एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत मिसळतो. मुळशी जलाशयाचे पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून सुमारे 500 मीटर खाली भिरा येथे सोडले जाते. तेथील 150 मेगावॅटचे जुने केंद्र पूर्ण क्षमतेने तासभर चालले, तर दीड लाख युनिट वीज मिळते. म्हणजे तेवढ्या वेळात सुमारे 150 टन वायू हवेत जाण्याचे टळते. बुडालेल्या वनस्पती कुजून निघणारा मिथेन यातून वजा करावा लागतो, हेही खरे.

इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र येथेच थांबता येत नाही. 16 एप्रिल 1921 रोजी मावळ्यांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू केला. पुढे सेनापती बापट त्याचे अग्रणी झाले. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती आणि 1894 च्या भूसंपादन कायद्याने सरकारने एका खाजगी कंपनीसाठी जमीन घेतली. बऱ्याच जमिनी आधीच पुण्याच्या सावकारांकडे गेल्या होत्या, त्यामुळे मोबदल्याच्या चर्चेत त्यांचा आवाज मोठा होता. मजुरीवर किंवा बलुत्यावर जगणाऱ्यांचे काय? भरपाई जमिनीतील हक्काला होती, घामाला नव्हती. बलुते ही गुलामगिरीच होती, याबद्दल दुमत नाही. पण गुलामीतून सुटणे वेगळे आणि गावासह उपजीविका पाण्याखाली जाणे वेगळे.

भिरा केंद्र सुरू झाले 1927 साली. त्याच वर्षी, त्याच कुलाबा जिल्ह्यात, महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन करण्यासाठी बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला. डोंगर फोडून नदीचे पाणी पश्चिमेला वळवणे शक्य झाले होते. तळ्याचे पाणी माणसाला देणे समाजाला जड जात होते.

यावरून बाबासाहेब विजेच्या विरोधात होते, असा अर्थ कोणी काढू नये. 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना पाटबंधारे व वीज ही खाती त्यांच्याकडे होती. दामोदर खोरे योजनेची पायाभरणी त्यांच्याच कारकिर्दीत झाली. स्वस्त व मुबलक विजेवाचून उद्योग नाहीत आणि उद्योगांवाचून दारिद्र्यातून सुटका नाही, अशी त्यांची मांडणी होती. म्हणून ‘वीजच नको’ ही भूमिका मला मान्य नाही. ती सहसा घरात दिवा असलेलेच घेतात.

1992 च्या रिओ परिषदेपासून भारत सांगत आला आहे की जबाबदारी सर्वांची असली तरी भार सारखा नसावा. ज्यांनी अधिक कोळसा जाळला त्यांनी अधिक सोसावे. 2070 पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे वचन आपण 2021 मध्ये दिले, तेही हा मुद्दा न सोडता. हा युक्तिवाद न्याय्यच आहे. पण जो न्याय आपण जगाकडे मागतो, तोच मुंबईने मावळाला द्यायला नको काय?

प्रश्न जुना झालेला नाही. ऑगस्ट 2023 मध्ये राज्य शासन आणि टाटा पॉवर यांच्यात शिरवटा व भिवपुरी येथे एकूण 2800 मेगावॅटच्या उदंचन प्रकल्पांचा सामंजस्य करार झाला. शिरवटा आपल्या शेजारच्या मावळ तालुक्यात आहे. दिवसा सौर वीज जास्त झाली की तिने पाणी वर चढवायचे आणि संध्याकाळी मागणी वाढली की तेच खाली सोडायचे, अशी ही पद्धत. तिच्यात काही वीज वाया जाते, तरी सूर्य मावळल्यावर कोळशाची गरज कमी होते. अशा योजनांची आवश्यकता आहे.

फरक कायद्यात पडला आहे. 2013 च्या भूसंपादन कायद्याने ‘बाधित कुटुंब’ या व्याख्येत बाधित क्षेत्रात आधीची तीन वर्षे राबणारे भूमिहीन मजूर, कुळे आणि कारागीर यांनाही घेतले. वादविवाद स्पर्धेत कार्बनवर बोलणाऱ्या विद्यार्थ्याने ती व्याख्या आधी वाचावी आणि आपल्या गावात तिच्यात कोण बसेल याची यादी करून पाहावी.